साइड ए च्या शेवटचं इंग्रजी गाणं

आधीच सांगतो, ह्या सदरातले अनुभव मी सकाळच्या चहाबरोबर वाचतो ते निव्वळ टाइमपास म्हणून. पिंपळ, पांढरी साडी, लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, हसायचं आणि दुकान उघडायचं. माझा धंदाच आवाजाचा. लोकांना भुताचा वाटलेला आवाज मी अनेकदा पकडून दाखवलाय – कधी ढिली पत्र्याची पट्टी, कधी पंख्याचं बेअरिंग. जुन्या कॅसेटमधून 'मेलेल्या माणसाची कुजबुज' येते म्हणून एकजण घाबरून आला होता, त्यालाही मीच समजावलं होतं की पट्टी वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका थराचा आवाज दुसऱ्या थरावर उमटतो, म्हणून गाण्याआधी त्याच गाण्याचा पुसट आवाज येतो. त्याला चहा पाजून पाठवला होता. तेव्हा माझ्यासारख्याने इथं लिहायला बसावं ह्याचं मलाच हसू यायला हवं, पण येत नाही.

मी उमरग्याचा. हायवेवरून बाजाराकडं वळलं की आमचं घर, पुढं दुकान आणि मागं राहणं. आज दुकानात मोबाईलची कव्हरं, चार्जर आणि झेरॉक्स मशीन आहे. नव्वदच्या दशकात तिथं कॅसेट रेकॉर्डिंग चालायचं. ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो – गिऱ्हाईक वहीच्या पानावर आवडीच्या गाण्यांची यादी आणायचं, कोरी कॅसेट द्यायचं, आणि आम्ही दोन डेक जोडून ती गाणी त्यात भरून द्यायचो. दुकानाच्या मागच्या बाजूला मी एक छोटी खोली त्यासाठी बांधून घेतली होती. भिंतींना आणि दाराला आतून गोणपाट आणि अंड्यांचे ट्रे ठोकले होते, हायवेचे हॉर्न आत येऊ नयेत म्हणून. खोलीला लाकडी दार, बाहेरून जाडजूड कडी.

आता मूळ गोष्ट. त्या दिवसांत मला एक वेड होतं – इंग्रजी रॉक. उमरग्यात हे वेड असलेला बहुतेक मी एकटाच. शॉर्टवेव्हवर दुपारी चार वाजता एका परदेशी स्टेशनवर अर्धा तास नवीन बँडची गाणी लागायची. इंग्रजी मला शाळेत जेमतेम पस्तीस मार्कांचं, शब्द काडीचे कळायचे नाहीत. पण ती फाटल्यासारखी गिटार आणि घसा खरवडून गाणारी ती पोरं ऐकली की अंगात काहीतरी व्हायचं. त्यात माझे लाडके कोण, तर एकाच गाण्याचे बँड. एक गाणं असं वाजवायचे की दोन महिने रोज लागायचं, आणि मग ते लोक गायब. पुन्हा नाव नाही. मी म्हणायचो, बिचाऱ्यांनी गावी जाऊन किराणा दुकान टाकलं असेल. अशी कितीतरी गाणी. आज ती आठवली की वय एकदम अंगावर येतं... कुठं गेली असतील ती पोरं, त्यांनाही आता नातवंडं झाली असतील.

त्यातलंच एक गाणं मी टू-इन-वनवर, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र असलेल्या डब्यावर, टेप केलं होतं. सव्वाचार मिनिटांचं. बँडचं नाव निवेदकाने सांगितलं तेव्हा नेमकी खरखर आली, त्यामुळे नाव कधी कळलंच नाही. मध्यावर सगळी वाद्यं एकदम थांबायची, गाणारा एक श्वास घ्यायचा – तो श्वास स्पष्ट ऐकू यायचा – आणि पुन्हा सगळं कोसळायचं. त्या एका श्वासासाठी मी ते गाणं शेकडो वेळा ऐकलं असेल.

आणि मी एक आगाऊपणा केला. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची. गिऱ्हाइकाची पाच-सहा गाणी भरून झाली की शेवटी दोन-तीन मिनिटं उरायची. पट्टी रिकामी गेली तर लोक भांडायला यायचे. म्हणून उरलेल्या जागेत प्रत्येक रेकॉर्डिंगवाला आपल्या मनाचं काहीतरी भरायचा. कुणी आरती, कुणी नुसतं बँजोवादन. मी ते इंग्रजी गाणं भरायचो. सुरुवातीपासून लावायचं आणि पट्टी संपेल तिथं ते तुटायचं. भावगीतं असोत, भजनं असोत नाहीतर लग्नाची गाणी – साइड ए च्या शेवटी माझा तो घसा खरवडणारा बुवा हजर. लोक शिव्या घालायचे. एका काकांनी तर "भजनाच्या शेवटी ह्यो कोण बोंबलतोय?" म्हणून कॅसेट काउंटरवर आपटली होती. पण तालुकाभर, ट्रॅक्टरवर, प्रवासी कोंबून नेणाऱ्या वडाप जीपमध्ये, ट्रकात ते अर्धवट गाणं वाजायचं, आणि मला फार मजा वाटायची. पूर्ण गाणं मात्र बहुतेक कुणालाच मिळालं नाही. पुढं घाईत मी माझ्या मास्टर कॅसेटवरच एका बारशाचे पाळणे रेकॉर्ड केले आणि सव्वाचार मिनिटं कायमची गेली.

हल्ली लोक जुन्या कॅसेट पेनड्राईव्हवर भरून घ्यायला येतात. यंदा उन्हाळ्यात अप्पाराव नावाचा एक शेतकरी आला. म्हणाला, "आमच्या आबांच्या जीपातली कॅसेट हाय. आबा गेले औंदा. तेवढी नीट भरून द्या, रीळ लई जुनी हाय." वरच्या कागदावर माझंच अक्षर. मी हेडफोन लावून ऐकत बसलो. साइड ए संपत आली आणि – ते गाणं. पंचवीस-सव्वीस वर्षांनी. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं.

मग तो मधला थांबा आला. वाद्यं थांबली. मी त्या श्वासाची वाट बघत होतो. श्वासाच्या आधी, लांबून, एका बाईचा आवाज आला. "री..."

आणि दहा सेकंदांनी पट्टी संपली.

आमच्याकडं सीमेवर घरोघरी कानडी चालतं. माझी बायको महादेवी बसवकल्याणकडची, ती मला 'अहो' म्हणत नाही, कानडीत 'री' म्हणते. लग्न झालं ते हे गाणं टेप करून बरीच वर्षं झाल्यावर. तरी मी घाबरलो नाही, हे इथं लिहून ठेवतो. शॉर्टवेव्हवर स्टेशनं एकमेकांत मिसळतातच. कुठल्यातरी कानडी नभोनाट्यातली बायको नवऱ्याला हाक मारत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. फक्त एवढंच खटकलं की शेकडो वेळा ऐकलेल्या त्या थांब्यात हा आवाज मला तेव्हा कधीच ऐकू आला नव्हता.

उत्सुकता वाईट. मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलं की आमच्या दुकानच्या जुन्या कॅसेट कुणाकडं असतील तर आणा, फुकट भरून देतो. आठवड्यात एका शिक्षिकाबाईंनी त्यांच्या लग्नातली कॅसेट दिली. तिच्यात गाण्याची अडीच मिनिटं होती. थांबा आला, 'री' आली, श्वास आला, गिटार सुरू झाली... आणि गिटारीच्या मागून तोच आवाज पुन्हा. "री, बागला तगीरी." म्हणजे, अहो, दार उघडा. मग ठोकल्याचा आवाज. आणि मग पट्टी संपता संपता –

"ओ रेकॉर्डिंगवाले..."

मी हेडफोन काढला. 'रेकॉर्डिंगवाले' हे महादेवीनं मला लग्नाच्या पहिल्या वर्षी चिडवायला ठेवलेलं नाव. मी कामात असलो आणि तिचं ऐकलं नाही की ती असं म्हणते. दुसरं कुणी मला असं म्हणत नाही. कुठल्याही नाटकात ते नसणार. आणि टू-इन-वनवर रेडिओचं गाणं आतल्या आत टेप होतं, खोलीतला आवाज त्यात शिरायला वाटच नसते. डेकवरून डेकवर कॉपी करतानाही नसते. हे मला माहीत आहे, हे मी लोकांना शिकवलंय.

आत गेलो. ती भाकरी थापत होती. विचारलं, "काय गं, बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली. "तुमचंच तोंड उतरलंय. ऊन लागलं काय?"

मी तसाच दुकानात परतलो. गाणं ओळखणाऱ्या मोबाईल ॲपला मी ते ऐकवलं, तर ते नुसतं फिरत राहिलं आणि 'सापडलं नाही' म्हणालं. इंटरनेटवर मला समजतील ते दोन-चार शब्द टाकून शोधलं, काही नाही. एकाच गाण्याचे इतके बँड आज तिथं सापडतात, त्यांच्या आठवणी काढत लोक रडतात, पण माझा बुवा कुठंच नाही.

तिसरी कॅसेट परंड्याहून आली. निवृत्त एसटी ड्रायव्हर, पूर्वी त्यांची उमरग्याला मुक्कामी गाडी असायची. फोनवर म्हणाले, "शेवटी ते येड्यावानी इंग्रजी गाणं हाय, तीच ना? आदी लई राग यायचा. मग आवडाया लागलं. ते तुटायचं तिथनं म्होरं काय असंल, असं वाटायचं बगा गाडी चालवताना." त्यांच्या यादीतलं एक गाणं तेव्हा माझ्याकडं नव्हतं, म्हणून साइड ए ला जागा जास्त उरली होती. साडेतीन मिनिटांच्या वर.

ती कॅसेट मी दोन दिवस लावली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवून लावली. 'री' आली. "बागला तगीरी" आलं. ठोकणं. "ओ रेकॉर्डिंगवाले, ऐकू येत न्हाय का?" – चिडून. मग पुन्हा 'री', पण आता चिडून नाही, घाबरून. ठोकणं जोरात. मग खोकला, लागोपाठ. मग एकदा नुसतं "री", अगदी हळू. आणि मग आवाज थांबला. गाणं चालूच राहिलं. तो बुवा आपला घसा खरवडत राहिला आणि ती काही पुन्हा बोलली नाही. आणखी चाळीस सेकंदांनी पट्टी संपली.

मी हेडफोन काढून काउंटरवर ठेवला. बायकोच्या मरणाचा आवाज ऐकलाय असंच मला वाटलं, दुसरा शब्द नाही त्याला.

त्यानंतरचे दिवस कसे काढले ते विचारू नका. बाथरूमची आतली कडी मी काढून टाकली, तर ती म्हणाली, "म्हातारपणी काय चाळे सुरू केलेत?" दुकानाचं शटर मी दिवसा अर्धंही खाली घेईना. ती शेजारी गेली तरी पाच मिनिटांत मी मागं. तिला खरं सांगायचं धाडस झालं नाही. सांगून काय सांगणार, तू मरताना गाणं चालू होतं म्हणून?

आणि एवढं सगळं करून मी जी चूक केली ती फक्त आमच्या धंद्यातला माणूसच करेल. मी ते पुन्हा पुन्हा ऐकू लागलो. कानाला हेडफोन, एक सेकंद मागं, एक सेकंद पुढं. मागं काही सुगावा लागतो का, कुठली जागा आहे, कुठला दिवस आहे. शोधून काढणं हेच माझं काम ना.

जूनच्या सुरुवातीला एका दुपारी दीडच्या सुमारास असाच बसलो होतो. गिऱ्हाईक नव्हतं. हेडफोनमध्ये ती म्हणाली, "री, बागला तगीरी." मी पॉझ दाबलं, वहीत वेळ लिहायला.

ती पुन्हा म्हणाली, "री."

डेक बंद होता. रीळ फिरत नव्हती, मी डोळ्यांनी बघत होतो. एवढं कळायला मला किती वेळ लागला, देव जाणे. मग हेडफोन फेकला आणि मागं धावलो. रेकॉर्डिंगची जुनी खोली. आता तिथं इन्व्हर्टरची बॅटरी असते. ती बॅटरीत पाणी घालायला आत गेली होती, वाऱ्यानं दार आपटलं आणि बाहेरची कडी आपोआप पडली होती. आत गोणपाट, ट्रे, हवा यायला जागा नाही, बॅटरीचा उग्र वास. कडी जाम झालेली, दोन्ही हातांनी ओढली तेव्हा खडाककन निघाली. ती दाराशीच बसलेली होती, घामानं भिजलेली, खोकत.

"किती हाका मारायच्या माणसानं?" ती म्हणाली. "घसा गेला माझा."

मी तिथंच खाली बसून रडलो. ती घाबरली, मला पाणी पाजू लागली. डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले काही नाही, वेळेवर बाहेर काढलंत. त्या रात्री कित्येक आठवड्यांनी मला झोप लागली. वाटलं, झालं एकदाचं. कुणी का असेना, कसं का असेना, आपल्याला आधी सांगितलं आणि आपण वाचवली. त्या अनोळखी बँडवाल्यांना मी मनातल्या मनात हात जोडले.

हे इथं संपलं असतं तर मी लिहिलंच नसतं.

पंधरा दिवसांनी युसूफभाई आले. हे आमच्याकडचे जुने लाऊडस्पीकरवाले. कान असा की मंडपाबाहेर उभे राहून सांगतील कुठल्या कर्ण्याचा पडदा फाटलाय. मला कुणाला तरी सांगायचं होतंच. त्यांना सगळं सांगितलं आणि परंड्याची कॅसेट ऐकवली. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाले, "पुन्हा. ठोकण्याच्या जागेवर घ्या." तीनदा ऐकलं. मग हेडफोन काढून विचारलं, "मल्लूभाई, भाभी अडकल्या ते दार कंचं?"

मी त्यांना मागं नेलं. त्यांनी लाकडी दारावर आतून थाप मारली. गोणपाटातून 'ढप' असा बसका आवाज आला.

"व्हय ना," ते म्हणाले. "टेपमदी असं न्हाय. तिथं ठोकलं की झणकारतंय. लोखंड हाय ते. मोठा पत्रा."

इतके दिवस मी शब्द ऐकत होतो, दाराचा आवाज ऐकलाच नव्हता. तीस वर्षं ह्या धंद्यात, आणि मी, लाकूड आणि लोखंड...

"आनखी एक," युसूफभाई हळू म्हणाले. "तुमी कडी काढली तवा आवाज झाला असंल. त्यो कुठं हाय ह्येच्यात?"

तो नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, नाही. आणि महादेवी तर मी दार उघडेपर्यंत हाका मारत होती, तिनंच सांगितलंय. टेपमधली थांबते. म्हणजे टेपमधली वेळ त्या दुपारची नव्हतीच. ती अजून यायची आहे.

युसूफभाई म्हणाले, टाका जाळून. मी नाही जाळली. ज्यांना चौथी, पूर्ण सव्वाचार मिनिटांची कॅसेट मिळवावीशी वाटेल त्यांना सांगतो, परंड्याच्या ड्रायव्हरसाहेबांनी त्यांच्या एका मित्राकडं दीड तासाच्या लांब पट्टीची आमच्या दुकानची कॅसेट असल्याचं कळवलंय. तिच्यात कदाचित शेवट असेल. मी तिकडं गेलेलो नाही, जाणारही नाही असं म्हणतो, पण रोज म्हणावं लागतं.

घरातली लोखंडी दारं मी काढली. शटरच्या जागी काच बसवली, लोकांना वाटतं धंदा वाढला. गच्चीचं पत्र्याचं दार काढलं. पण माणूस किती दारं काढणार? बँकेचं शटर लोखंडी, रेल्वेच्या डब्याचं दार लोखंडी, तिच्या माहेरी धान्याच्या खोलीचं दार लोखंडी. ती माहेरी जायचं म्हणते तेव्हा मी काहीतरी कारण काढून भांडतो. तिला वाटतं मी विक्षिप्त झालोय. हे मी मराठीत लिहू शकतोय कारण तिचं शिक्षण कानडीत झालं, मराठी ती बोलते पण वाचत नाही.

खुलासा माझ्याकडं नाही. कुणाकडं असला तर सांगा, पण पट्टीच्या थरांचा आणि मिसळलेल्या स्टेशनांचा खुलासा नको, ते सगळं मला येतं. आता ती आतून 'री' म्हणाली की मी हातातलं टाकून पळतो. गिऱ्हाईक हसतात. ती दाराशी उभी असते, म्हणते, काही नाही, कोथिंबीर आणा म्हणायचं होतं. मी कोथिंबीर आणतो.

पण टेपमध्ये ती इतक्या हाका मारते, मग थांबते, आणि पुढं चाळीस सेकंद गाणं चालतं. त्या चाळीस सेकंदांत कुणी धावत येत नाही, कुणी दार उघडत नाही. तिच्या एका हाकेवर उठणारा मी... त्या वेळी मी कुठं असेन?